धागा: सीआयसीएसचे युजर लॉगऑन एकाहून जास्त टीओआरवर वाटणे – फायदा नेमका कशात आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आयबीएमच्या मेनफ्रेमवर सीआयसीएस (ऑनलाइन ट्रान्झॅक्शन चालवणारी प्रणाली) आहे; तिच्या प्रत्येक चालू प्रतीला रीजन म्हणतात. आधी मांडणी सांगतो. एकाच सिस्प्लेक्समध्ये (एकत्र काम करणाऱ्या मेनफ्रेम प्रणालींच्या समूहात) दोन एलपार (मेनफ्रेमचे स्वतंत्र भाग) आहेत, सिसए आणि सिसबी. सिसएवर एक टीओआर (युजरची टर्मिनलं सांभाळणारा रीजन), दोन्ही एलपार मिळून चार एओआर (प्रत्यक्ष ॲप्लिकेशन चालवणारे रीजन), फाइल्स व्हीसॅम आरएलएसवर (सगळ्या रीजनना सामायिक). युजर सुमारे ६०००, सगळे टीएन३२७० (टेलनेटवरून मेनफ्रेमची टर्मिनल स्क्रीन) वरून येणारे. टीओआर एकवरून चार करायचे, प्रत्येक एलपारवर दोन, असा प्रस्ताव आहे.

तीन शंका आहेत. सीपीयू तर एओआरमध्येच खर्च होतो, मग लॉगऑन वाटून हाती काय लागतं? दुसरी, वाटणी व्हीटॅमच्या (मेनफ्रेमवर सेशन बांधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जेनेरिक रिसोर्सने, म्हणजे अनेक टीओआरच्या एकाच सामायिक नावाने करायची की टेलनेटच्या पुढे सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्युटर (टीसीपी कनेक्शनं वाटणारी सोय) ठेवून? आणि तिसरी, यात फसतं कुठे?

---

सह्यकडा

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या शंकेतच निम्मं उत्तर आहे. लॉगऑन वाटणं म्हणजे सेशन वाटणं, काम वाटणं नव्हे. व्हीटॅम युजरला टीओआर एकदाच निवडून देतो, लॉगऑनच्या क्षणी. त्यानंतर तो युजर संध्याकाळपर्यंत तिथेच बांधलेला असतो, मग त्याने दिवसभरात दहा ट्रान्झॅक्शन मारोत की दहा हजार. काम कुठल्या एओआरला जायचं हे टीओआरमधला डायनॅमिक रूटिंग प्रोग्राम दर ट्रान्झॅक्शनला नव्याने ठरवतो. या दोन पायऱ्या डोक्यात वेगळ्या ठेवा. सीपीयूचा समतोल साधण्यासाठी लॉगऑन वाटले तर निराशा होणार, हे नक्की.

खरा फायदा पडझडीचा आवाका कमी होण्यात आहे. आज तुमचा टीओआर पडला की चारही एओआर धडधाकट असूनही ६००० जण बाहेर. चार टीओआर असतील तर एक पडल्यावर १५०० जण बाहेर पडतात, पुन्हा तेच नाव टाइप करतात आणि उरलेल्या तिघांत शिरतात. रीजन रीस्टार्ट होईपर्यंत कुणालाच थांबावं लागत नाही.

दुसरा फायदा क्यूआर टीसीबीचा, म्हणजे रीजनच्या मुख्य टास्कचा. एका रीजनला क्यूआर टीसीबी एकच असतो, म्हणून त्यावरचं काम एका प्रोसेसरच्या ताकदीपलीकडे जाऊ शकत नाही. टर्मिनल हाताळणं आणि रूटिंग मुख्यतः याच टीसीबीवर चालतं. सकाळच्या गर्दीत बिझी दिसणारा टीओआर बहुतेक वेळा क्यूआरवर अडलेला असतो. एलपारला आणखी प्रोसेसर देऊन ते सुटत नाही, रीजनच वाढवावा लागतो.

तिसरा फायदा मेंटेनन्सचा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. सिसएवर पीटीएफ (आयबीएमची दुरुस्ती) लावायचा असेल तर तिथले दोन टीओआर रिकामे करून बंद करता येतात, सिसबी चालू राहतो. एकच टीओआर असेल तर प्रत्येक मेंटेनन्स म्हणजे सगळ्यांसाठी आउटेज.

---

रात्रपाळी

दुसऱ्या शंकेबद्दल. जेनेरिक रिसोर्स की सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्युटर, असा पर्याय इथे नाही. दोन्ही लागतात, कारण दोघं वेगवेगळ्या टप्प्यांवर बसतात. युजरचं टीसीपी कनेक्शन कुठल्या एलपारच्या टेलनेट सर्व्हरवर जायचं ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्या टेलनेट सर्व्हरवरच्या एलयूचं (व्हीटॅमला दिसणाऱ्या टर्मिनलचं) एसएनए (आयबीएमच्या नेटवर्क पद्धतीचं) सेशन कुठल्या टीओआरशी बांधायचं ते व्हीटॅम ठरवतो.

व्हीटॅमच्या बाजूची तयारी अशी. व्हीटॅम एपीपीएन (एसएनएचा पुढचा प्रकार) नोड असायला हवा, म्हणजे स्टार्ट ऑप्शनमध्ये नोडटाइप एनएन किंवा ईएन. सीएफआरएम पॉलिसीत (कपलिंग फॅसिलिटी, म्हणजे एलपारांची सामायिक मेमरी, वापरण्याच्या नियमांत) आयएसटीजेनेरिक हे स्ट्रक्चर हवं. वेगळं नाव वापरायचं असेल तर एसटीआरजीआर ऑप्शनमध्ये द्या. मग प्रत्येक टीओआरच्या एसआयटीमध्ये (रीजनच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) जीआरनेम (सामायिक नाव) एकच, उदाहरणार्थ पीटॉर, आणि ॲप्लआयडी (रीजनचं स्वतःचं नाव) वेगवेगळे, पीटॉर१ ते पीटॉर४. जीआरनेम कुठल्याही ॲप्लआयडीशी जुळता कामा नये. रीजन चालू होऊन एसीबी (व्हीटॅमशी जोडणी) उघडला की सीआयसीएस आपणहून त्या नावाखाली नोंदणी करतो. डिस्प्ले नेटमध्ये पीटॉर ही आयडी देऊन विस्तृत डिस्प्ले घेतला की चारही सदस्य दिसले पाहिजेत. एखादा नसेल तर त्या रीजनमध्ये सीईएमटी (सीआयसीएसची ऑपरेटर कमांड) इन्क्वायर व्हीटॅम करून नोंदणीची स्थिती बघा.

मग यूएसएस टेबल (युजरने टाइप केलेलं लॉगऑन नाव ओळखणारं) आणि टेलनेट प्रोफाइलमधला डीफॉल्टॲप्ल (नाव न देता जोडणाऱ्यांसाठीचं) पीटॉरवर वळवा. इथे हमखास एक गळती राहते: इम्युलेटरचे जुने मॅक्रो आणि सेशन मॅनेजरचे मेनू. त्यात रीजनचं थेट नाव लिहिलेलं असतं. थेट नावाने आलेला लॉगऑन वाटणीत धरलाच जात नाही, सरळ त्या रीजनवर जातो. आठवडाभर एकाच टीओआरवर सेशन जास्त दिसले तर आधी तिकडे शोधा. टेस्टिंगसाठी मात्र थेट नावाची ही सोय फार उपयोगी आहे.

---

अबोली

रात्रपाळी यांनी दोन टप्पे छान उलगडले. त्यांच्यामधला सांधा मात्र नीट समजून घ्यायला हवा, बहुतेक लोक तिथेच चकतात.

मूळ सेटिंगमध्ये व्हीटॅम आपल्याच एलपारवरच्या सदस्याला पहिली पसंती देतो. टेलनेट सर्व्हरचे एलयू व्हीटॅमच्या लेखी ॲप्लिकेशनच असतात, म्हणून त्यांना प्रेफरन्स टेबलमधला लोकॲप्ल हा पॅरामीटर लागतो, लोकएलयू नव्हे. समजा टेलनेट सर्व्हर फक्त सिसएवर आहे. सिसबीवर दोन नवे टीओआर चढवले, नोंदणी झाली, डिस्प्ले स्वच्छ. तरीही सिसएवरचे दोघं भरलेले आणि सिसबीवरचे रिकामे. बिघाड कसलाच नाही, लोकल पसंती आपलं काम चोख करते आहे.

---

सह्यकडा

म्हणूनच लोकॲप्ल सरळ नो करून टाकावं असं माझं मत. वाटणी सेशनच्या संख्येवर आणि डब्ल्यूएलएमच्या (कामाचा भार सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) शिफारशीवर होऊ द्या.

---

अबोली

सह्यकडा, इथे मी सहमत नाही. टेलनेट सर्व्हर एकाच एलपारवर असेल तर नो करावंच लागेल. पण दोन्ही एलपारवर टेलनेट आणि पुढे डिस्ट्रिब्युटर असेल, तर येस ठेवण्यात दोन फायदे आहेत. सेशनची प्रत्येक स्क्रीन एक्ससीएफ (एलपारांमधला दुवा) ओलांडून जात नाही, हा एक. दुसरा फायदा रिकामं करण्याच्या वेळी कळतो. सिसए उतरवायचा असेल तर व्हॅरी टीसीपीआयपीची सिस्प्लेक्स क्वायस टार्गेट कमांड सिसएवर द्या. नवी कनेक्शनं सिसबीवरच जातात, आणि लोकल पसंतीमुळे त्यांची सेशनंही सिसबीच्याच टीओआरशी बांधली जातात. सिसएचे टीओआर माणसं घरी जातील तसे रिकामे होत जातात. शेवटी उरलेल्या थोड्यांसाठी सीईएमटी सेट व्हीटॅम क्लोज्ड. लोकॲप्ल नो असेल तर सिसबीवरून आलेले नवे लॉगऑनही सिसएच्या टीओआरवर बसत राहतात आणि तो रिकामा होतच नाही.

एलपारवरचे दोन्ही टीओआर बंद असले तर येस असूनही व्हीटॅम पलीकडचा सदस्य घेतो, त्यामुळे पडझडीची चिंता नाही.

---

सह्यकडा

रिकामं करण्याचा मुद्दा पटला. दोन्हीकडे टेलनेट असेल तर येस. माझं आधीचं वाक्य तेवढ्यापुरतं मागे घेतो.

---

कृष्णाकाठ

धन्यवाद, हा सांधा आमच्या प्रस्तावात नव्हताच. डिस्ट्रिब्युटरची पद्धत कुठली घ्यावी?

---

अबोली

दोन्ही एलपार सारख्याच ताकदीचे असतील तर राउंडरॉबिन (आळीपाळीने वाटणं) पुरतं. टीएन३२७० चं कनेक्शन तासन्‌तास उघडं राहतं. कनेक्शन आलं त्या मिनिटाला कुठे सीपीयू मोकळा होता, यावरून पुढच्या आठ तासांचा निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही. डब्ल्यूएलएमची वजनं मूळ सेटिंगमध्ये दर ६० सेकंदांनी ताजी होतात. लांब सेशनच्या मानाने ते चित्र क्षणिकच. एलपार लहान-मोठे असतील तर वेटेडॲक्टिव्ह घ्या, म्हणजे चालू कनेक्शनचं प्रमाण ६०-४० असं ठरवून देता येतं. पोर्ट २३ बरोबर सुरक्षित टेलनेटचा ९९२ ही त्याच डायनॅमिक व्हीआयपीएवर (एलपारांमध्ये हलू शकणाऱ्या आयपी पत्त्यावर) घ्या आणि दुसऱ्या एलपारवर व्हीआयपीएबॅकअप द्यायला विसरू नका. बॅकअप नसेल तर डिस्ट्रिब्युटरवाला एलपार पडताच पत्ताच नाहीसा होतो.

---

जुनी_टेप

आता तिसऱ्या शंकेचं सगळ्यात धोक्याचं प्रकरण, टर्मिनल आयडी. याने नुसता आउटेज होत नाही. एका युजरचा डेटा दुसऱ्याच्या स्क्रीनवर येऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सिसएच्या टेलनेटमध्ये एलयूंची नावं टीसीपीए०००१ पासून आणि सिसबीच्या टेलनेटमध्ये टीसीपीबी०००१ पासून ठेवली आहेत असं धरा. दिसायला छान, नावं वेगवेगळी. पण सीआयसीएसचा टर्मिनल आयडी चारच अक्षरांचा, आणि आयबीएमने दिलेला ऑटोइन्स्टॉल (टर्मिनलची नोंद आपोआप बनवणारा) प्रोग्राम डीएफएचझेडएटीडीएक्स नेटनेमची (एलयूच्या नावाची) शेवटची चार अक्षरं उचलतो. झालं, पीटॉर१ मध्ये ०००१ आणि पीटॉर३ मध्येही ०००१. टीओआर वेगळे असल्यामुळे तिथे कुणाचीच तक्रार नाही.

दोघंही रूट होऊन एकाच एओआरमध्ये पोचले की नावं भिडतात. जो आधी आला त्याला एओआर ०००१ हेच नाव देतो, मागून आलेल्याला उपनाव. पण दुसऱ्या एओआरमध्ये येण्याचा क्रम उलटा असू शकतो. म्हणजे पहिला युजर एओआर२ मध्ये ०००१ आहे आणि दुसरा युजर एओआर३ मध्ये ०००१ आहे. आता प्रोग्रामने टीएस क्यूचं (तात्पुरता डेटा ठेवायच्या क्यूचं) नाव ईआयबीटीआरएमआयडी (टर्मिनल आयडीचं फील्ड) जोडून बनवलं असेल आणि ती क्यू शेअर्ड पूलमध्ये असेल, तर दोघंही एकाच क्यूवर लिहितात. क्यू शेअर्ड नसेल तर त्याच युजरचं पुढचं ट्रान्झॅक्शन वेगळ्या एओआरला गेलं की क्यूआयडीईआरआर (क्यू सापडत नसल्याची चूक). दुसरा प्रकार बरा, निदान आरडाओरडा होतो. पहिला गुपचूप घडतो.

उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवशीच करायला हवा. एलपार ओळखणारं अक्षर शेवटच्या चारांत आणा: सिसएला ए०००, सिसबीला बी०००. फक्त आकडे वापरले तर ए००० ते ए९९९ मिळून १००० च नावं होतात, तुम्हाला कमी पडतील. अक्षर-अंक मिश्र रेंज घेतली तर ए००० ते एझेडझेडझेड मिळून ४६,६५६. टेलनेटच्या एलयूग्रुप रेंजमध्ये हे करता येतं. दुसरा मार्ग स्वतःचा ऑटोइन्स्टॉल प्रोग्राम लिहिण्याचा, पण मग तो कायम सांभाळावा लागतो.

---

रात्रपाळी

जुनी_टेप यांना अनुमोदन. याच ओघात आकडेमोड करून घ्या, कारण चार टीओआर म्हणजे प्रत्येकी १५०० असं धरून साइझिंग केलं की हमखास तोंडघशी पडायला होतं.

एक टीओआर पडला तर उरलेल्या तिघांवर प्रत्येकी २०००. आख्खा एलपार पडला तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ३०००. म्हणून ईडीएसए (रीजनची मेमरी) आणि मॅक्सटास्क (एकाच वेळच्या टास्कची मर्यादा) ३००० च्या हिशोबाने ठरवा. टेलनेटचा एलयू पूल तर प्रत्येक एलपारवर पूर्ण ६००० चा आणि वर थोडी जागा. पूल ३००० चाच ठेवला तर टीओआर रिकामे असूनही निम्मे लोक दाराबाहेर. एलयू नेम सर्व्हर वापरून पूल सिस्प्लेक्सभर सामायिक करता येतो. पण शेवटच्या चार अक्षरांचा नियम तिथेही पाळावाच लागतो.

एलपार पडल्यावर ३००० जण एकाच वेळी परत येतात, तेव्हा एआयक्यूमॅक्स आडवा येतो. एकाच वेळी किती टर्मिनलं ऑटोइन्स्टॉलच्या रांगेत राहू शकतात तो हा आकडा, डीफॉल्ट १००. तो गाठला की सीआयसीएस व्हीटॅमला नवे लॉगऑन तात्पुरते थांबवायला सांगतो. लॉगऑन फेल होत नाहीत, पण युजरला स्क्रीन गोठल्यासारखी वाटते आणि तो खिडकी बंद करून पुन्हा जोडतो, म्हणजे रांग आणखी लांब. सुरक्षित पोर्टवर दर नव्या जोडणीला टीएलएस हँडशेकचा खर्च वेगळा. परतीची ही लाट रोजच्या सकाळपेक्षा जड असते, टेस्ट तिचीच करा.

क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असेल तर त्यांच्या लॉगऑनच्या गर्दीचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. हिंजवडीतून सपोर्ट देणाऱ्या टीमची पाळी नेमकी तेव्हाच बदलत असेल, तर टीओआर रीसायकल त्या तासात ठेवू नका.

---

कृष्णाकाठ

टर्मिनल आयडीचं प्रकरण वाचून लगेच आमची रेंज तपासली. शेवटचे चारही आकडेच आहेत, बदलायला घेतो. आणखी एक: सिक्युरिटी टीमचा आग्रह आहे की एका युजरने एकाच वेळी एकदाच साइनऑन करावं. चार टीओआरमध्ये ते कसं राखायचं?

---

सह्यकडा

एसआयटीमध्ये एसएनस्कोप आहे. डीफॉल्ट नन. सीआयसीएस दिलं तर तपासणी त्या एका रीजनपुरती, एमव्हीएसइमेज दिलं तर एलपारपुरती. तुम्हाला सिस्प्लेक्स लागेल, आणि चारही टीओआरमध्ये सारखंच.

पण त्याचा एक दुष्परिणाम आहे आणि हेल्पडेस्कचे फोन त्यानेच वाढतात. युजरचं नेटवर्क तुटलं तरी टेलनेट सर्व्हरला ते लगेच कळत नाही. जुनं सेशन पीटॉर१ वर साइनऑन अवस्थेत लटकून राहतं. युजर परत येतो, डिस्ट्रिब्युटर त्याला दुसऱ्या एलपारवर पाठवतो, तिथे पीटॉर३ म्हणतो की तुम्ही आधीच आत आहात. एकच टीओआर आणि एकच टेलनेट असताना टेकओव्हरची (जुनं सेशन नव्या कनेक्शनने ताब्यात घेण्याची) सोय ही अडचण झाकून टाकायची. आता कनेक्शन पलीकडच्या सर्व्हरवर गेल्यावर टेकओव्हरचा उपयोग नाही. म्हणून टेलनेट प्रोफाइलमधले टाइममार्क आणि स्कॅनइंटरव्हल (तुटलेली कनेक्शनं शोधण्याच्या वेळा) खाली आणा. मूळ आकडे तासांच्या हिशोबातले आहेत. टाइममार्क ६०० सेकंद आणि स्कॅन १२० पासून सुरुवात करून बघा. फार खाली नेलं तर उगाच तपासणीची रहदारी वाढते.

आणखी दोन गोष्टी जोडूनच करा. रॅकफच्या (मेनफ्रेमच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या) सीआयसीएस सेगमेंटमध्ये टाइमआउट द्या आणि टाइपटर्ममध्ये (टर्मिनलच्या प्रकाराच्या व्याख्येत) साइनऑफ लॉगऑफ ठेवा. नुसतं साइनऑफ येस असेल तर युजर साइनऑफ होतो पण सेशन त्याच टीओआरशी बांधलेलं राहतं, म्हणजे पुन्हा साइनऑन केलं तरी वाटणी होत नाही. लॉगऑफ दिलं की सेशनच सुटतं.

रॅकफवरून आठवलं. ॲप्ल क्लास वापरत असाल तर नव्या चारही ॲप्लआयडीला प्रोफाइल लागेल. पीटॉर पुढे तारा लावून एक जेनेरिक प्रोफाइल केलं की भागतं.

---

जुनी_टेप

पर्सिस्टंट सेशन चालू असतील तर तेही बघा. पीएसडीआयएनटीमध्ये मोठा आकडा असेल तर टीओआर पडल्यावर व्हीटॅम त्याची सेशनं तेवढा वेळ धरून ठेवतो, आणि युजर मेलेल्या टीओआरची वाट बघत बसतात. शेजारी तीन टीओआर चालू असताना हे नको. एकच टीओआर असताना पर्सिस्टंट सेशन वरदान होतं. चार असताना पीएसडीआयएनटी शून्य, म्हणजे डीफॉल्टच, मला योग्य वाटतो. लोकांना सुटू द्या आणि परत येऊ द्या.

---

अबोली

सीआयसीएसबाहेरही, टीएसओच्या (मेनफ्रेमवर थेट काम करण्याच्या प्रणालीच्या) लॉगऑनला जेनेरिक नावाची हीच सोय आहे, टीएसओकी मेंबरमध्ये जीनेम द्यायचं. आयएमएसला (दुसरी ट्रान्झॅक्शन प्रणाली) जीआरएसनेम. टीएसओत लाइन तुटून परत येणारा माणूस दुसऱ्या एलपारवर गेला तर आयडी वापरात असल्याचा आयकेजे५६४२५आय मेसेज बघतो. तेव्हा त्याला आधीच्या एलपारच्या थेट नावाने जाऊन रीकनेक्ट करता आलं पाहिजे, म्हणून थेट नावं यूएसएस टेबलातून काढू नका.

---

जुनी_टेप

कृष्णाकाठ, तुमच्याकडे रूटिंग सीआयसीएसप्लेक्स एसएम (अनेक रीजन एकत्र सांभाळणारं साधन) करतो असं धरून शेवटचं लिहितो. टीओआर एकाचे चार झाले की एओआर निवडणारे डोळेही चार झाले. प्रत्येकाकडे एओआरच्या भाराचं चित्र काही सेकंद जुनं असतं. चौघांना एकाच वेळी एओआर३ मोकळा दिसतो आणि चौघं तिकडेच काम लोटतात. मग एओआर४. हे झोके थांबवायचे तर ऑप्टिमाइझ्ड वर्कलोड चालू करा, म्हणजे रीजन स्टेटस सर्व्हरमार्फत ताजी स्थिती कपलिंग फॅसिलिटीत राहते. सीआयसीएस टीएस ४.१ पासून ही सोय आहे. टीओआर आणि एओआर वेगवेगळ्या एलपारवर असल्याने अल्गोरिदम क्यू घेतला तर जवळच्या एओआरला झुकतं माप मिळतं. एलएनक्यू घेतला तर लिंकचा विचार होत नाही. आधी क्यूच ठेवा.

डब्ल्यूएलएममध्ये रिस्पॉन्स टाइम गोल वापरत असाल तर टीओआरला बोथ आणि एओआरला ट्रान्झॅक्शन अशी वर्गवारी करा. नाहीतर टीओआर एओआरच्याच पातळीवर सीपीयूसाठी रांग लावतो, आणि तो अडला की मागचे सगळे अडतात.

वाटणी खरंच होते आहे का हे मोजायला एसएमएफ (सिस्टिमच्या नोंदी) ११९ चे सबटाइप २० आणि २१ घ्या. टेलनेटवरच्या प्रत्येक एसएनए सेशनची सुरुवात आणि शेवट त्यात मिळतो. टीओआरच्या आतलं एसएमएफ ११० मध्ये.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका. युजरना सध्याचं नाव तोंडपाठ आहे. तेच जेनेरिक नाव करून जुन्या टीओआरला नवं ॲप्लआयडी दिलं तर चालेल?

---

रात्रपाळी

चालेल, आणि युजरच्या दृष्टीने तेच बरं. फक्त ॲप्लआयडी बदलला की त्याला चिकटलेलं सगळं बदलतं. एओआरमधल्या कनेक्शन डेफिनिशनचे नेटनेम, प्लेक्स एसएममधल्या नोंदी, ऑपरेशन्सची ऑटोमेशन टेबलं आणि व्हीटॅमचं ॲप्ल डेफिनिशन. लॉग स्ट्रीमच्या नावातही डीफॉल्टने ॲप्लआयडी असतो, म्हणून नव्या नावाने पहिला स्टार्ट इनिशियल होणार. त्याआधी जुन्या नावाने रीजन नॉर्मल शटडाउन करून इनडाउट युनिट ऑफ वर्क (निर्णय अर्धवट राहिलेली कामं) शिल्लक नाहीत हे सीईएमटी इन्क्वायर यूओडब्ल्यूने बघून घ्या. एलयू६.२ चे (प्रोग्राम-ते-प्रोग्राम जोडलेले) भागीदार असतील तर त्यांच्याशी आधी बोला. सिंक लेव्हल २ च्या सेशनची ॲफिनिटी (त्याच रीजनशी बांधलेपण) आपोआप सुटत नाही, ती परफॉर्म एंडॲफिनिटीने सोडावी लागते. तुमचे युजर सगळे टीएन३२७० चे आहेत, म्हणून तो भाग हलका जाईल. क्रम असा ठेवा: आधी नवे तीन टीओआर थेट नावांनी चढवून टेस्ट करा, मग एका शनिवारी रात्री जुन्याचं नाव बदला, आणि त्याच खिडकीत चौघांत जीआरनेम घाला.